आंबेडकरी जलसा आणि युवकांची अस्मिता

आंबेडकरी जलसा हे सामाजिक प्रबोधनाचे प्रभावी माध्यम होय. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदी शाहिरांनी तमाशाचा परिचित बाज राखला. मात्र शृंगाराऐवजी शिक्षण, स्वाभिमान व अस्पृश्यतानिर्मूलन हे विषय मांडले. त्यामुळे निरक्षर श्रोत्यांपर्यंतही विचार पोहोचला.

झील धरणारा युवक केवळ श्रोता राहत नाही. सामूहिक स्वरात ‘आम्ही’ म्हणताना तो लादलेले हीनत्व नाकारतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांतून नवी श्रद्धा घरोघरी रुजली. दीक्षाविधी एका दिवसाचा असतो; संस्कार मात्र गाण्यातून वारंवार घडतो.

अशा घरातील विद्यार्थी इतिहासाचे भान घेऊनच महाविद्यालयात येतो. हे ज्ञान अभ्यासक्रमाबाहेर राहिल्यास त्याची अस्मिताही वर्गाबाहेरच राहते.