कार्यालयाची पावती आणि ताटांची मोजणी

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे कार्यालयांचे फोन वाजायला लागतात. मुहूर्त थोडे आणि लग्नं फार, म्हणून मुलगी पसंत पडल्यावर आपण आधी तारीख धरतो, मग कार्यालय, मग आचारी. घाईत विसार देतो. समोरचा माणूस पावतीपुस्तकातून एक गुलाबी कागद फाडून देतो, आपण तो घडी घालून पर्समध्ये ठेवतो. त्या कागदाच्या मागे काय छापलंय ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

आधी माझीच गोष्ट सांगते, कारण त्यात मी हरले होते. पुतणीच्या लग्नात जेवणाचं मी बघत होते. 280 रुपये ताट, 400 ताटं ठरलेली, जास्त झाली तर त्याच दराने द्यायची, 50 हजार आगाऊ दिलेले. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा, सगळं चांगलं झालं. जेवणाबद्दल आजही माझी तक्रार नाही. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी केटरर आला आणि म्हणाला, 520 ताटं झाली. आमच्या अंदाजाने पंगतीला फार तर 420 माणसं असतील. म्हणजे 100 ताटांचा फरक, 28 हजार रुपये. वाद घालायला उभी राहिले, तर दिरांनी हात धरला. मुलगी गाडीत बसलेली, सासरची माणसं बघतायत, आणि रुखवत ज्या खोलीत होतं तिची किल्ली मॅनेजरकडे. हिशोब झाल्याशिवाय खोली उघडणार नाही म्हणाला. पैसे दिले.

दुसऱ्या आठवड्यात मी भांडायला गेले, तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, ‘ताई, मोजणी तुमच्याकडून कोणी केली?’ कोणीच केली नव्हती. त्याच्याकडे निदान त्याच्या माणसाची वही होती, माझ्याकडे नुसता अंदाज. शेवटी गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून 8 हजार परत मिळवून दिले. तो माणूस लबाड होता की त्याच्या वाढप्यांनी प्रत्येक उष्टं ताट मोजलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. पोरं दोनदोनदा ताट घेतात, बँडवाले जेवतात, ड्रायव्हर जेवतात, कार्यालयाचा वॉचमन जेवतो. ही ताटं कोणाच्या हिशोबात, हे आधी ठरलं नसेल तर भांडण होणारच.

तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, जेवणाच्या दिवशी घरातला एक माणूस फक्त मोजणीसाठी ठेवा. आहेराच्या पाकिटांवर आपण दोन माणसं बसवतो, मग 1 लाखाच्या जेवणावर एक का नाही? बुफे असेल तर ताटांच्या गड्ड्या सुरुवातीला दोघांनी मिळून मोजायच्या, धुऊन परत आलेल्या गड्ड्या वेगळ्या लिहायच्या. कूपन देत असाल तर सगळ्यात सोपं. पंगत असेल तर प्रत्येक पंगत उठली की आकडा लिहून केटररच्या माणसाची सही घ्यायची. पाच वर्षांखालची मुलं, बँड, कामगार यांचं काय, ते ठरवतानाच लिहून घ्यायचं.

आणि पैसे द्यावेच लागले तर? त्या संध्याकाळी मला हे कोणी सांगायला हवं होतं. बिलावरच लिहायचं, ‘100 ताटांचा हिशोब मान्य नाही, तक्रार राखून पैसे देत आहे’, खाली तारीख, वेळ, सही. बिलाचा मोबाईलवर फोटो काढायचा. पैसे रोख न देता फोनवरून किंवा चेकने द्यायचे, म्हणजे नोंद राहते. तसं लिहिलं नाही तर पुढे ‘तुम्ही राजीखुशीने दिले’ असं ऐकून घ्यावं लागतं. तुमचं सामान कोणी अडवून धरलं तर 112 वर फोन करायला लाजू नका. पोलिसांचं नाव काढलं की किल्ली बहुतेक वेळा सापडते.

आता पावतीच्या मागच्या बाजूचं बघू. ‘दिलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’ बहुतेक कार्यालयांच्या पावतीवर हे वाक्य असतं आणि बहुतेक लोक ते वाचून गप्प बसतात, कारण छापलेलं म्हणजे कायदा असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. 1872 सालचा करार कायदा आपल्याकडे अजून चालतो. त्याचं 74 वं कलम सांगतं की करार मोडला तर किती दंड हे आधी लिहिलेलं असलं, तरी तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. त्याच्या आत जेवढी भरपाई वाजवी असेल तेवढीच मिळते. म्हणून प्रश्न असा विचारायचा, तुम्ही तारीख सोडल्यामुळे कार्यालयाचं खरोखर किती नुकसान झालं?

शेजारच्या गावच्या एका ताईंनी नेमका हाच प्रश्न विचारला. नवरा नाही, दोन म्हशींच्या दुधावर घर चालतं. मुलीच्या लग्नासाठी 55 हजारांचं कार्यालय धरलं आणि 30 हजार भरले. लग्न फेब्रुवारीत. जानेवारीत नवरदेवाचे आजोबा वारले, मुलाकडच्यांनी लग्न पुढे ढकललं. ताईंनी 24 दिवस आधी कार्यालयात जाऊन सांगितलं. उत्तर ठरलेलं, पैसे परत मिळत नाहीत, वाचा पावती.

ताई शिकलेल्या फार नाहीत, पण व्यवहाराला पक्क्या. ठरलेल्या तारखेला त्यांनी भाच्याला मोटरसायकलवर कार्यालयात पाठवलं. तिथे दुसऱ्याच कोणाचं लग्न जोरात चाललेलं. दारावर थर्माकोलवर वधूवरांची नावं, आत मंगलाष्टकं. भाच्याने दाराचा फोटो काढला आणि कोणाकडून तरी ती लग्नपत्रिकाही मिळवली, कार्यालयाचं नाव आणि तारीख छापलेली. म्हणजे कार्यालयाने तीच तारीख दोनदा विकली, भाडं दोघांकडून घेतलं. मग नुकसान कसलं?

तो फोटो आणि ती पत्रिका घेऊन त्या माझ्याकडे आल्या. आम्ही आधी एक पत्र लिहिलं. वकिली भाषा नाही, साधं मराठी. कधी किती पैसे भरले, कधी रद्द केल्याचं कळवलं, त्या दिवशी तिथे दुसरं लग्न झालं, म्हणून 30 हजार 15 दिवसांत परत करावेत. स्पीड पोस्टाने पाठवलं, पोच मिळाल्याचा कागद ठेवला. उत्तर आलं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 या नंबरवर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं आणि तक्रारीचा नंबर मिळतो. एक लक्षात ठेवा, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही. ते समोरच्याला कळवतात, समजावतात, निकाल देत नाहीत. पण त्यानंतर कार्यालयाचा फोन आला, पैसे नाही, दुसरी तारीख देतो. लग्न तोवर गावच्या देवळात ठरलं होतं. ताई नाही म्हणाल्या.

मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. नाव मोठं आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्यात आपल्या सोयीच्या बऱ्याच गोष्टी आहेत. कार्यालय कुठल्याही जिल्ह्यात असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, आणि सुनावणी व्हिडिओ कॉलवर घ्यावी अशी विनंतीही करता येते. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांच्या प्रती जोडायच्या. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15.

पावती मामाच्या नावावर असली तर? हा प्रश्न मला नेहमी येतो, कारण आपल्याकडे पैसे एकजण भरतो आणि लग्न दुसरीचं असतं. ज्याने पैसे दिले तो ग्राहक, आणि त्याच्या संमतीने ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहक. म्हणजे नवरी स्वतःसुद्धा तक्रार करू शकते. (आणि माझं विचाराल तर तिनेच करावी. तेवढीच सवय होते.) कार्यालय ट्रस्टचं किंवा समाजाचं असलं, तरी भाडं घेतलं की ती सेवाच. फुकट दिलेल्या हॉलबद्दल मात्र तक्रार चालत नाही.

पावतीवरची अटच जाचक आहे, ती रद्द करा अशी मागणी असेल, तर ‘अन्याय्य करार’ म्हणून ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. तुम्हाला फक्त पैसे हवे असतील तर त्या वाटेला जाऊ नका. सेवेत त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच म्हणून जिल्हा आयोगात मागणी करा.

कायद्यात लिहिलंय की नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा. होत नाही, खोटं कशाला सांगू. ताईंनी मार्चमध्ये पत्र पाठवलं आणि पैसे हातात आले नोव्हेंबरमध्ये. तेही निकालाने नाही. पहिल्या तारखेला कार्यालयाचा माणूस आला, फोटो आणि पत्रिका बघितली, आणि मध्यस्थीने मिटवू म्हणाला. 27 हजार परत, 3 हजार कार्यालयाच्या खर्चापोटी कापून. ताईंनी मान्य केलं. तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एका वेळचं दूध शेजारणीने काढलं.

हेही सांगायला हवं की प्रत्येक वेळी पूर्ण रक्कम मागणं रास्त नसतं. तुम्ही लग्नाच्या दोन दिवस आधी नाही म्हणालात आणि तारीख रिकामी गेली, तर मालकाचं नुकसान खरं आहे. केटररने भाजी भरली, आचाऱ्यांना उचल दिली, तर तो खर्च तो कापणारच. उलट कोविडच्या वेळी, 2020 मध्ये, सरकारनेच लग्नाला 50 माणसांची मर्यादा घातली, कार्यालयं बंद राहिली, तेव्हा चूक कोणाचीच नव्हती. त्या काळातल्या अनेक तक्रारींत ग्राहक आयोगांनी पैसे परत करायला सांगितले, कारण जी सेवा देताच आली नाही तिचे पैसे ठेवून घ्यायचे कशाच्या आधारावर?

अनामत रकमेची भांडणं छोटी, पण रोजची. गादी फाटली, खुर्ची मोडली, लाइटबिल जास्त आलं. कार्यालय ताब्यात घेताना दोन मिनिटं फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा, विजेच्या मीटरचाही. सोडताना पुन्हा काढा. जनरेटर किती तास चालला ते लिहा. रात्री दहाला स्पीकर बंद केला म्हणून मात्र मालकाशी भांडू नका, तो नियम सरकारचा आहे.

जेवणातून बाधा झाली तर गोष्ट वेगळी. आधी माणसांना दवाखान्यात न्यायचं, प्रत्येकाचा केसपेपर जपायचा. उरलेलं अन्न टाकू द्यायचं नाही आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लगेच कळवायचं, म्हणजे नमुने घेता येतात. दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर कोणी काय तपासणार? केटरर ठरवतानाच त्याचा अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी नंबर विचारायचा आणि पावतीवर लिहून घ्यायचा. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याकडे पाचशे माणसांचं जेवण द्यायचं की नाही, तुम्हीच ठरवा. केटरर कार्यालयानेच सक्तीने दिलेला असेल तर तक्रारीत दोघांचीही नावं घाला, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आणि तो गुलाबी कागद. त्यावर तारीख, वेळ किती ते किती, भाड्यात काय काय येतं, वीज आणि सफाई धरून की वेगळी, रद्द केलं तर किती दिवस आधी किती परत, एवढं हाताने लिहून घ्या आणि मालकाची सही घ्या. ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणेल. म्हणू दे. त्या ताईंच्या धाकट्या मुलीचं आता ठरतंय. परवा त्या दुसऱ्या एका कार्यालयात गेल्या होत्या. मालकाने पावती फाडून दिली, ताईंनी ती उलटी केली, चष्मा लावला आणि त्याच्याकडेच पेन मागितलं.