समुद्रातला मासा तहानलेला का?

ये, बैस इथे. टाकीतले गोल्डफिश काढायचे, नारिंगी पट्ट्यांचा क्लाउनफिश सोडायचा आणि पाण्यात चार मुठी मीठ टाकलं की झाला समुद्र, असा बेत आहे ना तुझा? आधी मला सांग, मासा पाणी पितो का?

गोड्या पाण्यातल्या माशाला प्यावं लागत नाही. समुद्रातला मात्र सारखा पितो. एवढ्या पाण्यात राहून बिचारा तहानलेला!

आजी कोशिंबिरीसाठी काकडी चिरून मीठ लावते, तेव्हा वाडग्यात पाणी सुटतं बघ. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी धावतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि माशाच्या रक्तात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर झिरपतं. मग तो समुद्रच पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर फेकतात. गोल्डफिशचं नेमकं उलट. पाणी आपणहून आत शिरतं, म्हणून तो दिवसभर पातळ लघवी करत राहतो आणि मीठ जपून ठेवतो. त्याला खाऱ्या पाण्यात टाकलंस तर तो सुकून मरेल रे, भर पाण्यात.

दोन्ही विद्या येणारेही असतात हं. आपली उल्हास नदी बदलापूरवरून, उल्हासनगरच्या कडेने कल्याणला पोचते. तिथे तिला भरतीचं पाणी भेटतं आणि पुढे वसईच्या खाडीतून ती समुद्राला मिळते. अशा खाड्यांचा राजा म्हणजे जिताडा. पेण-अलिबागकडे लोक त्याला तळ्यातही वाढवतात. पाणी बदललं की त्याच्या कल्ल्यांतल्या पेशी काम बदलतात. मीठ ओढणाऱ्या मीठ फेकू लागतात. आणखी गंमत सांगू? जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. तुझा क्लाउनफिशही तसाच. जोडीतली मादी मेली तर नराचीच मादी होते. म्हणजे त्या सिनेमातल्या निमोचे बाबा खरं तर निमोची आई व्हायला हवे होते. सिनेमावाल्यांनी ते सोयीस्कर गाळलं!

तेव्हा मासे वेगळे, तशी टाकीही वेगळी. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं समुद्री मिठाचं तयार मिश्रण आर.ओ.च्या पाण्यात विरघळवायचं. मग आठवडेच्या आठवडे मासे न सोडता थांबायचं. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्यात टाकीत वस्ती करतात. हे थांबणंच कुणाला जमत नाही. बदलापूरच्या एप्रिलात पाणी भराभर आटतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

क्लाउनफिश घे तो टाकीत पैदास झालेला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती पद्धत आपल्याकडे केव्हाच बसवली आहे. समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ किंवा समुद्रघोडा कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हण. वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे. आणि काच चाटणारा तो सकर मासा नकोसा झाला म्हणून उल्हास नदीत सोडू नकोस. तिथे तो माजतो आणि आपल्या देशी माशांच्या मुळावर येतो. दुकानदाराला परत दे.