वरचा मजला कोणाच्या खांद्यावर?

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले आणि पुणे पेठांबाहेर झपाट्याने पसरू लागले. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतले बंगले त्याआधीचे. सहकारनगरातले बरेचसे त्यानंतरचे. आज त्यांतल्या अनेकांत तिसरी पिढी नांदते आहे. आजींना तळमजल्यावर संडास-बाथरूम लागून असलेली खोली हवी, सुनेला हॉलला खुले स्वयंपाकघर हवे आणि नातवाला स्वतःची खोली. एफएसआय शिल्लक असतोच. मग कोणीतरी म्हणते, ‘वर एक मजला चढवू.’

इथे कागद-पेन्सिल घ्यावी. बारा बाय बाराची खोली, पाच इंची स्लॅब: नुसत्या काँक्रीटचे वजन सव्वाचार टन भरते. तीन मीटर उंचीची नऊ इंची विटांची भिंत घेतली, तर मीटरभर लांबीला आणखी सव्वा टन. जुन्या बंगल्यात बहुधा कॉलम नसतात; सगळा भार भिंतींवर. वर मंगलोरी कौले असतील, तर त्या भिंतींनी एवढे ओझे कधी पाहिलेलेच नसते. पाया मुरमावर असेल तर नशीब. काळ्या मातीवर असेल, तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरकी भेग देते. ‘चौदा इंची भिंत आहे, काही होत नाही’ हे मिस्त्रीचे आश्वासन म्हणजे हिशेब नव्हे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर तरी आपण ते मानायला नको होते.

माझे मत स्पष्ट आहे: वाढवायचेच तर मागे किंवा बाजूला, मार्जिन सोडून वाढवा आणि नव्या भागाला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया द्या. जुना पाया बसायचा तेवढा बसून गेलेला असतो, नवा अजून बसायचा असतो. दोन्ही एकजीव केले की पहिल्याच पावसाळ्यात जोडावर चीर उमटते. म्हणून मध्ये किमान 25 मिलिमीटरची फट ठेवतात आणि वरून एकाच बाजूला घट्ट केलेली पट्टी बसवतात. वरचा मजला हवाच असेल, तर त्याचे कॉलमही जमिनीपासून स्वतंत्र उचलावेत. खर्च वाढतो, हे खरे.

स्वयंपाकघराची भिंत पाडणे हे तर याहून नाजूक काम. आधी दोन्ही बाजूंनी टेकू, मग लोखंडी गर्डर, तोही दोन्ही टोकांना काँक्रीटच्या बैठकीवर आणि शेवटी घण. हा क्रम उलटा झालेला मी पाहिला आहे. छताला पोक आले होते. चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची घाईही नको. आतली ओल अडकते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

तेव्हा फरशीचे नमुने बघायच्या आधी आरसीसी कन्सल्टंटला बोलवा आणि भिंतीलगत एक खड्डा खणून पाया किती खोल, कशावर टेकलेला आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आर्किटेक्टचा आराखडा त्यानंतर.