‘एपीआय आहे’ एवढ्यावर सौदा करू नका

नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे नांदेड-लातूरकडचे कारखानदार सॉफ्टवेअर घेण्याआधी इथल्या कुणाला तरी विचारून जातात. माझ्याकडे येणारे बहुतेक जण डाळमिलवाले, जिनिंगवाले आणि सोयाबीनचे व्यापारी असतात. गेली काही वर्षं सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे. “सर, त्यांच्याकडे एपीआय आहे. म्हणजे जुळणारच ना?”

नाही. हे ‘नाही’ सांगून मी आता थकलो आहे, कारण हा गैरसमज लोकांना फार महागात पडतो.

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला काही विचारायची किंवा द्यायची खिडकी. बँकेत खिडकी आहे म्हणून तुमचं काम होतंच असं नाही. कुठला फॉर्म, कुठली कागदपत्रं, खिडकी किती वाजेपर्यंत उघडी, अर्ज परत आला तर पुढे काय, हे सगळं ठरलेलं असावं लागतं. सॉफ्टवेअरच्या सेवाधारित रचनेत या ठरावालाच महत्त्व आहे. काट्याचं सॉफ्टवेअर वजन देतं, हिशोबाचं बिल करतं, गोदामाचं साठा सांभाळतं. प्रत्येक जण आपलं एकच काम ‘सेवा’ म्हणून देतो आणि बाकीचे ठरलेल्या अटींवर ती मागतात. ओएसिस या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २००६मध्ये दिलेल्या व्याख्येतही सेवा नेमून दिलेल्या पद्धतीनेच आणि लिहून ठेवलेल्या अटींनुसारच वापरायची, असं स्पष्ट आहे. अटी विचारल्याशिवाय खिडकी आहे की नाही एवढंच विचारण्यात अर्थ नाही.

यातली सगळ्यांच्या परिचयाची सेवा म्हणजे ई-इन्व्हॉइस. १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ती लागू आहे, आणि या उलाढालीत करमुक्त मालही धरला जातो. बिल सरकारी पोर्टलवर तयार होतं असं अजूनही पुष्कळांना वाटतं. बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते ठरलेल्या नमुन्यात पोर्टलला जातं, पोर्टल तपासतं, ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, देतं आणि सही केलेला क्यूआर कोड परत पाठवतं.

आता ऐन हंगामात, ट्रक दारात उभा असताना, बिल पोर्टलला पोचलं आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं तर? आयआरएन तुमचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, बिलाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून बनतो. तेच बिल पुन्हा पाठवलं की पोर्टल ‘आधीच नोंदलेलं आहे’ म्हणून नाकारतं. नीट बांधलेलं सॉफ्टवेअर अशा वेळी ‘या क्रमांकाचा आयआरएन निघाला आहे का’ हे विचारून घेतं, आणि तशी विचारणा करायची सोय त्याच सेवेत आहे. कच्चं सॉफ्टवेअर लाल अक्षरात चूक दाखवून गप्प बसतं. मुनीम वैतागून नवा क्रमांक टाकतो आणि एका मालाची दोन बिलं होतात. पहिलं पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात, आणि रद्द झालेला क्रमांक परत वापरता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका मिलमध्ये हे महिनाभर चाललं आणि विवरणपत्र भरताना उघडकीस आलं. त्या सॉफ्टवेअरलाही एपीआय होताच!

डाळमिलची आणखी एक अडचण आहे. १८ जुलै २०२२पासून लेबल लावून बंद केलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी आहे, ३० किलोच्या पोत्यावर नाही. तीच तूरडाळ, तोच ग्राहक, पण पिशवीचं बिल पोर्टलला जायला हवं आणि पोत्याचं, ते करमुक्त असल्यामुळे, जायला नको. हा फरक सॉफ्टवेअरला कळत नसेल तर जुळणी होऊनही चुकीची माहितीच पुढे जाईल. आयएसओ २५०१० या सॉफ्टवेअर-गुणवत्तेच्या मानकातही माहितीची देवाणघेवाण एवढ्यावर थांबलेलं नाही. आलेली माहिती समोरच्याला वापरता आली पाहिजे, हेही त्यात आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘सर्व्हिस’ म्हणजे विक्रीनंतरची सेवा नव्हे. फोन केल्यावर माणूस येतो ही चांगली गोष्ट आहे, पण तिचा या रचनेशी संबंध नाही.

क्लाउडवर आहे म्हणजे आपोआप जोडलेलं आहे, असंही नाही.

एकाच कंपनीचं सगळं घेतलं तरी जीएसटी, बँक आणि वजनकाटा त्या कंपनीचे नसतात. कित्येक काट्यांचे इंडिकेटर अजून जुन्या सिरीयल केबलवरूनच वजन देतात.

एक्सेलमध्ये काढून दुसरीकडे भरणं ही जुळणी नव्हे, ते हातकाम आहे.

आणि जुनी नोंद गुपचूप बदलता येणं ही ‘सोय’ नाही. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर १ एप्रिल २०२३पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं.

मग निवडायचं कसं? गुळगुळीत डेमो पाहू नका, त्यात विक्रेत्याचीच बिलं असतात. तुमची दहा सर्वांत किचकट बिलं काढा: पिशवी आणि पोतं एकत्र असलेलं, परत आलेल्या मालाचं, परराज्यातलं. ती चाचणीच्या पोर्टलवर तुमच्यासमोर पाठवायला लावा आणि मधेच नेटची वायर काढा. परत जोडल्यावर काय होतं ते मुनीमजींना पाहू द्या, मालकाला नव्हे. रोज बसायचं त्यांना आहे. पैसे देण्याआधी एपीआयची लेखी माहिती मागा. सरकारने नमुना बदलला तर किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने दुरुस्ती होईल, तेही कागदावर घ्या. उद्या हे सॉफ्टवेअर सोडलं तर सगळ्या नोंदी, आयआरएनसकट, कुठल्या नमुन्यात परत मिळतील, हाही प्रश्न त्याच बैठकीत विचारा.