जुन्या फ्लॉपीतील मराठी वाचवा

१९९० नंतर मंडळांची कामे हळूहळू संगणकावर होऊ लागली. आमच्या भाईंदरमध्येही स्मरणिका, वर्गणीदारांच्या याद्या, वधू-वर सूची आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी डीटीपीवाल्याकडे टाईप झाल्या. आज ते सांगणारे बहुतेक हयात नाहीत. छापील प्रती तुरळक उरल्या आहेत. फ्लॉपी-सीडी उघडावी, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! “फाईल बिघडली, टाकून द्या,” असा सल्ला मिळतो. वाचकहो, घाईने टाकू नका. पुष्कळदा मजकूर शाबूत असतो, फक्त त्याची किल्ली हरवलेली असते.

त्या काळी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येकाची मांडणी निराळी. तो फॉन्ट संगणकात नसला की मूळ क्रमांकाचे इंग्रजी अक्षर दिसते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली देवनागरीसह निघाली. तीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक आहे. पण छपाईची कामे पुढे बरीच वर्षे जुन्या फॉन्टांवरच चालली.

मग करावे काय? यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन प्रथम फाईलची नक्कल करावी. मूळ फाईलला हात लावू नये. नक्कल उघडून फॉन्टचे नाव पाहावे व तोच फॉन्ट बसवावा. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ साली आली. तिच्या फाईली इनडिझाईन सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात. लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही पुष्कळदा उघडतात. त्यानंतर त्या फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

येथेच काम संपत नाही. जुन्या फॉन्टात ‘विहार’ मधील वेलांटी ‘व’ च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘धर्म’ मधला रफार जुन्यात ‘म’ नंतर, तर नव्यात ‘म’ च्या आधी येतो. ही अदलाबदल चुकली की शब्द बिघडतो. मध्येच आलेले इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलले जातात. म्हणून एकाने छापील प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पडद्यावर ताडावे. नावे, तारखा आणि रकमा दोनदा तपासाव्यात.

तयार मजकूर युनिकोडमध्ये व पीडीएफमध्ये ठेवावा. एक प्रत मंडळात, एक दुसऱ्या ठिकाणी आणि एक कागदावर असावी. आपल्या लोकांचा इतिहास दुसरे कोणी जपून ठेवील, या भरवशावर राहून चालणार नाही. प्रत्येक मंडळाने दोन शिकलेली मुले-मुली या कामाला लावावीत. कपाटातील फ्लॉपी जितकी जुनी होते, तितकी ती वाचली जाण्याची आशा कमी होते.