संगणकावरील टपालाची मांडणी आणि मराठी पत्रव्यवहार

जॉर्ज ग्रिअर्सन यांनी सिद्ध केलेले भारतीय भाषांचे सर्वेक्षण हे बव्हंशी टपालाच्या आधारे झालेले कार्य होय. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, एखादी स्थानिक कथा आणि ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी असे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकडून लेखी मागविण्यात आले. त्या सामग्रीतूनच मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पत्र हे केवळ निरोपाचे साधन नसते; पुष्कळदा ते संशोधनाची मूळ सामग्रीच असते. आज बोलींचे नमुने, कोशातील नोंदी आणि मुद्रितांवरील दुरुस्त्या ई-मेलने येतात. तथापि ते टपाल कोठे साठते व कोणत्या संकेतांत साठते, याकडे विभागांतून फारसे लक्ष दिले जात नाही. संगणकावर ई-मेलचे सॉफ्टवेअर बसविताना नेमके हेच दोन प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे न देता ‘पुढे चला’ हे बटण दाबीत गेल्यास सॉफ्टवेअरच आपल्या समजुतीने ती देऊन टाकते.

उदाहरणादाखल येथे थंडरबर्ड हे सॉफ्टवेअर घेतले आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती मोझिलाने २००४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केली. ते विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही व्यवस्थांवर चालते. अन्य सॉफ्टवेअरांत खिडक्यांची रचना निराळी असेल, परंतु तत्त्वे तीच राहतात.

प्रत्यक्ष बसविण्याचे काम अल्प आहे. अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवून घ्यावी व ती चालवावी. सॉफ्टवेअर प्रथमच उघडले असता ते नाव, ई-मेलचा पत्ता आणि परवलीचा शब्द या तीनच गोष्टी विचारते. पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हाच्या उजवीकडील भागावरून ते टपाल सांभाळणाऱ्या संस्थेचा सर्व्हर ओळखू पाहते आणि पुढील तपशील स्वतःच भरते. (हे चिन्ह पत्त्यात योजण्याची कल्पना रे टॉमलिन्सन यांची, १९७१ मधली.) विद्यापीठाचा स्वतःचा सर्व्हर असल्यास मात्र ही ओळख कधीकधी पटत नाही. तेव्हा सर्व्हरांची नावे संगणक विभागाकडून मागवून घ्यावी लागतात. येणाऱ्या टपालासाठी आयमॅप पद्धतीत ९९३ व पॉप पद्धतीत ९९५, आणि जाणाऱ्या टपालासाठी ५८७ किंवा ४६५ हे सुरक्षित मार्गांचे क्रमांक सर्वत्र रूढ आहेत.

परवलीच्या शब्दाविषयी एक खुलासा अवश्य आहे. बरोबर शब्द देऊनही सर्व्हर तो नाकारतो, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. याचे कारण असे की, ई-मेलच्या सॉफ्टवेअरला थेट परवलीचा शब्द देण्याची जुनी रीत मोठ्या संस्थांनी बंद केली. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती मे २०२२ मध्ये थांबविली. आता सॉफ्टवेअर त्या संस्थेचेच प्रवेशपान एका छोट्या खिडकीत उघडते, शब्द तेथे द्यावयाचा असतो, आणि सॉफ्टवेअरच्या हाती केवळ एक परवाना येतो. मांडणीच्या पानावर ‘ओऑथ’ या नावाने हा पर्याय दिसतो व तोच निवडावा.

आता पहिला मूलभूत प्रश्न, टपाल कोठे राहणार हा. येणारे टपाल घेण्याच्या दोन पद्धती आहेत. पॉप ही पद्धत १९८४ पासूनची. तिची कल्पना पोस्टातील पेटीसारखी आहे: मनुष्य पेटीपाशी जातो, आतील पत्रे घेतो आणि पेटी रिकामी करून घरी परततो. आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ मध्ये आखली. तिच्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात, संगणकाच्या पडद्यावर दिसते ती त्यांची प्रत. घरचा संगणक, विभागातील संगणक व फोन या तिन्ही ठिकाणी एकच टपाल एकाच स्थितीत दिसते, ते या पद्धतीमुळेच. थंडरबर्ड सहसा आयमॅप पुढे करते आणि सामान्य वापरास ते योग्यही आहे.

परंतु संग्रहाच्या दृष्टीने दोहोंतही धोका आहे, आणि तो परस्परविरुद्ध दिशांनी येतो. पॉपमध्ये ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ ही खूण केलेली नसेल, तर उतरवून घेतलेले पत्र त्या एका संगणकावरच उरते. असा संगणक निवृत्त अध्यापकाच्या मेजावरून भांडारात आणि भांडारातून भंगारात गेला, की दहापंधरा वर्षांचा पत्रव्यवहार त्याच्यासवे जातो. आयमॅपमध्ये संगणक जळाला तरी पत्रे सुरक्षित असतात. पण फोनवर एखादे पत्र पुसले तर ते सर्व्हरवरून जाते, आणि पाठोपाठ विभागातील संगणकावरूनही नाहीसे होते. शिवाय संस्थेने खातेच बंद केले तर सर्वच प्रश्न मिटला! आयमॅप म्हणजे दप्तरखाना, असा जो समज आढळतो तो यास्तव बरोबर नाही. आयमॅप हा आरसा आहे, आणि आरशात मागे काही राहात नाही.

यावर थंडरबर्डमध्ये सोय आहे ती ‘लोकल फोल्डर्स’ या नावाच्या विभागाची. यात नकललेले पत्र केवळ संगणकावर असते आणि सर्व्हरवरील घडामोडींचा त्यावर परिणाम होत नाही. नित्याचे टपाल आयमॅपने घ्यावे आणि सर्वेक्षणाची, कोशाची वा संपादनाची पत्रे ठराविक काळाने या विभागात विषयवार उतरवावीत, हा मार्ग इष्ट होय. येथे प्रत्येक फोल्डर सर्वसाधारणपणे एका सलग मजकूर-फाइलीच्या रूपात साठतो. ‘एमबॉक्स’ या नावाची ही रचना फार जुनी असून अनेक सॉफ्टवेअरांना वाचता येते. म्हणून थंडरबर्ड उद्या बंद पडले तरी पत्रे अडकून पडण्याचे भय नाही. हे सारे ज्या फोल्डरात असते त्यास ‘प्रोफाइल’ म्हणतात. विंडोजमध्ये तो सहसा दृष्टीआड असतो, परंतु मदतीच्या यादीतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून थेट उघडता येतो. सॉफ्टवेअर बंद करून हा फोल्डर बाहेरील डिस्कवर नकलला म्हणजे पत्रे, पत्त्यांची वही व मांडणी या तिन्हींची प्रत एकदमच तयार होते. परवलीचे शब्द साठविलेले असतील तर तेही याच फोल्डरात असतात, म्हणून ती डिस्क मेजावर टाकून ठेवू नये.

दुसरा प्रश्न संकेतांचा. ई-मेलची वाहतूक करणारा एसएमटीपी हा करार १९८२ मध्ये लिहिला गेला, तेव्हा त्यात केवळ सात बिटांच्या, म्हणजे १२८ चिन्हांच्या रोमन संचाचीच सोय होती. देवनागरीला त्यात जागा नव्हती. नंतर तीन गोष्टी थोड्या अंतराने घडून आल्या. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड यांनी माइम ही योजना मांडली, जिच्यायोगे कोणताही मजकूर रोमन चिन्हांच्या वेषात पाठविणे शक्य झाले. त्याच वर्षी केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही रीत आखली. आजचे मराठी ई-मेल या तिघांच्या एकत्र येण्यावर उभे आहे.

एका शब्दाचे उदाहरण घेऊ. ‘नमस्कार’ या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने सात संकेत आहेत: न, म, स, हलन्ताचे चिन्ह, क, काना आणि र. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात; तेव्हा बाइट झाले २१. माइमच्या बेस-६४ या रीतीत तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात, म्हणजे तारेवरून प्रत्यक्षात २८ चिन्हे जातात. पत्राच्या शिरोभागात ‘हा मजकूर यूटीएफ-८ आहे’ अशी एक ओळ असते. पोचणाऱ्या सॉफ्टवेअरने ती ओळ वाचली तर ‘नमस्कार’ दिसतो. ती ओळ गळाली किंवा चुकीची असली, की मराठी मजकुराचा चिखल होतो.

हा चिखल सर्वत्र सारखा नसतो, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या प्रकारावरून पत्र वाचेल की नाही हे सांगता येते. पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुनःपुन्हा येत असेल आणि त्याच्या लगत चलनाचे वर्तुळाकार चिन्ह वा जपानी येनचे चिन्ह दिसत असेल, तर मूळ मजकूर अखंड आहे असे समजावे. यूटीएफ-८ चे बाइट पश्चिम युरोपीय संचाने वाचले गेले, एवढेच झाले आहे. अशा चिखलातही व्यवस्था असते: व्यंजने, अनुस्वार, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांपाशी चलनाचे चिन्ह येते, तर दीर्घ वेलांटी, उकार, एक-दोन मात्रा, हलन्त आणि देवनागरी अंक यांपाशी येनचे. थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ यादीतील मजकुराचे संकेत दुरुस्त करण्याचा पर्याय वापरला असता असे पत्र बहुधा पूर्ववत् होते. चौकटी दिसत असतील तर दोष टंकाचा आहे, पत्राचा नव्हे. सर्वत्र केवळ प्रश्नचिन्हे असतील, तर मात्र वाटेत कोणीतरी अक्षरे फेकून देऊन त्यांच्या जागी चिन्हे ठेवली आहेत. ते पत्र पुन्हा मागविण्याखेरीज उपाय नाही.

चौथा प्रकार जुन्या पत्रांचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर अनेकदा अशा टंकांत लिहिला जाई, की जे रोमन संकेतांवरच देवनागरी आकृती चढवीत असत. त्या पत्रांत संगणकाच्या लेखी मराठी नाहीच; आहे तो रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा निरर्थक समूह. मूळ टंकाचे नाव ठाऊक असल्यास परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणता येतात. म्हणून अशी पत्रे नव्या संगणकावर हलविताना टंकाचे नाव फोल्डराच्या नावातच लिहून ठेवणे श्रेयस्कर. ते माहीत असणारी माणसे विभागात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

पत्राच्या विषयाची गोष्ट थोडी वेगळी आहे. शिरोभागात देवनागरी आणण्यासाठी ती एका विशिष्ट आवरणात घालावी लागते आणि असे एक आवरण ७५ चिन्हांहून मोठे असू नये असा नियम आहे. आवरणाची स्वतःची चिन्हे वजा करता, बेस-६४ रीतीने त्यात देवनागरीचे जेमतेम १५ संकेत मावतात. त्यामुळे मराठी विषयाची ओळ जाताना तुकड्यातुकड्यांनी जाते. एका संकेताचे बाइट दोन तुकड्यांत विभागू नयेत असे नियम सांगतो. पण जोडाक्षर हे त्याच्या लेखी एकक नसल्याने ‘क्ष’मधील क एका आवरणात आणि ष दुसऱ्यात जाऊ शकतो. पोचणारे सॉफ्टवेअर नीट असेल तर सांधा दिसत नाही. पाठविणाऱ्याचे नावही याच रीतीने जाते, तेव्हा मांडणीच्या वेळी ते देवनागरीत लिहिण्यास प्रत्यवाय नाही. ई-मेलचा पत्ता देवनागरीत असणे ही निराळी बाब होय. त्यासाठीचे करार २०१२ मध्ये झाले आणि ‘.भारत’ हे क्षेत्रनाम २०१४ मध्ये खुले झाले. तथापि वाटेवरील प्रत्येक सर्व्हरने असा पत्ता मान्य करावा लागतो, व एकानेही तो नाकारला तर पत्र परत येते. व्यवहारात रोमन पत्ताही जवळ ठेवावा लागतो तो यामुळे.

मांडणीत टंकाची निवड लिपीगणिक करावयाची असते. रोमनसाठी ठरविलेला आकार देवनागरीस सहसा अपुरा पडतो, कारण मात्रा आणि उकार यांना वर-खाली जागा लागते. यादीत ‘देवनागरी’ निवडून टंक व आकार स्वतंत्रपणे द्यावा. मराठी वळणाचे ल व श दिसावेत अशी अपेक्षा असल्यास मात्र निराशेची तयारी ठेवावी. हिंदी ल आणि मराठी ल यांचा संकेत एकच आहे, आणि ई-मेलमध्ये मजकुराची भाषा क्वचितच नोंदलेली असते.

संग्रहाचा उपयोग शोधण्यात असतो आणि तेथे लेखनभेद आड येतात. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. दुसऱ्या शब्दातील रकार दोन प्रकारे टंकित होतो: ऱ या स्वतंत्र संकेतास हलन्त जोडून, किंवा साध्या र-ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधयंत्रणा दोन्ही एकच मानील याची हमी नाही. तीच गत ‘ॲ’ची. याचा स्वतंत्र संकेत २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला. त्यापूर्वीच्या पत्रांत अ-वर चंद्र चढविलेला किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरलेला आढळतो. एकाच विभागातील लेखनिकांनी निदान एकच कळफलक वापरावा, आणि जुना शब्द शोधताना त्याची सर्व रूपे टाकून पाहावीत.

मांडणी पूर्ण झाल्यावर पहिले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर आणि दुसरे अन्य संस्थेचे खाते असलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवावे. त्यात ‘आचाऱ्यास’, ‘ॲ’, ‘ळ’ आणि एखादे तीन व्यंजनांचे जोडाक्षर असावे, विषयाची ओळ १५ संकेतांहून बरीच लांब असावी, आणि सोबत मराठी नावाची एक फाइल जोडलेली असावी. सहकाऱ्याचे उत्तर आले, की त्याखाली उद्धृत झालेला मूळ मजकूर अक्षरशः ताडून पाहावा. कारण जाताना शाबूत राहिलेले पत्र परतीच्या वाटेवर बिघडल्याचेही दिसून येते. मग ते उत्तर ‘लोकल फोल्डर्स’मध्ये नकलावे, संगणकाचे जाळ्याशी असलेले नाते तोडावे आणि ते उघडते की नाही ते पाहावे.