सशाच्या गोष्टीने राखलेले रान

गोष्टीत वाचलेले गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, असे कुणाला वाटत नाही? इंग्लंडात या हौसेसाठी पायी सहली निघतात. वाटेचा माहीतगार पुढे, आणि पाठीवर पिशव्या टाकलेली दहा-वीस माणसे मागे. कोणत्या लेखकाने कोणत्या ओढ्याकाठी बसून काय लिहिले, कुठल्या घराचे चित्र कोणत्या पुस्तकात आले, हे ऐकत ही मंडळी रानोमाळ हिंडतात. अशाच एका वाटेची ही हकीकत. लेखिकेची म्हणून ती सुरू होते, पण मेंढ्यांपाशी आणि जमिनीपाशी येऊन थांबते. म्हणून ती आपल्या घरात वाचण्याजोगी आहे.

इंग्लंडच्या वायव्येला कंब्रिया परगण्यात डोंगर आणि तळ्यांचा मुलूख आहे. त्याला ‘लेक डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. भुरभुर पाऊस, उतारावर गवत, आणि चुना-मातीवाचून नुसते दगडावर दगड रचून केलेले मैलोन्‌मैल गडगे. वर्ड्‌स्वर्थ हा मोठा कवी इथलाच. तो १८५० साली वारला. त्याच्या घरांकडेही लोक चालत जातात. पण पोराबाळांची झुंबड उडते ती निअर सॉरी या चिमुकल्या खेड्यात, बिअॅट्रिक्स पॉटर हिच्या हिल टॉप या शेतघरी.

पॉटरबाईंचा जन्म १८६६ साली लंडनच्या एका श्रीमंत घरात झाला. सुटीत आईवडिलांबरोबर त्या या मुलखात येत. चित्रकलेचा नाद लहानपणापासूनचा. १८९३ मध्ये ओळखीच्या एका आजारी मुलाला करमणूक म्हणून त्यांनी पत्रातून एका खोडकर सशाची सचित्र गोष्ट लिहून पाठवली. पुढे तिचे पुस्तक करायचे ठरले, तर प्रकाशक तयार होईनात. तेव्हा १९०१ साली बाईंनी पदरच्या पैशाने २५० प्रती छापल्या. दुसऱ्याच वर्षी एका प्रकाशकाने पुस्तक काढले आणि पीटर नावाचा तो ससा घरोघर पोहोचला.

१९०५ साली त्यांचे लग्न ठरले होते. मागणी घातल्यापासून महिन्याभरातच वर आजाराने वारला. त्याच वर्षी बाईंनी हिल टॉपची शेती विकत घेतली. दुःखावर उतारा म्हणून माणूस तीर्थाला जातो. या बाई शेताकडे वळल्या.

सहल इथूनच सुरू होते. घरापुढे भाजीचा वाफा, फुलझाडे, दगडी पायवाट. जेमायमा नावाच्या भोळ्या बदकीची गोष्ट इथे घडली, खट्याळ मांजराची पिल्ले याच बागेत हुंदडली. चित्र आणि जागा मुले ताडून पाहतात. तिथून वाट गावातल्या जुन्या खाणावळीवरून जाते. ती खाणावळही बदकीच्या पुस्तकात आहे. मग चढ लागतो आणि मैलभर चालल्यावर मॉस एक्लिस नावाचे तळे येते. लग्नानंतर बाई आणि त्यांचे यजमान या तळ्यावर संध्याकाळी होडी घेऊन बसत. हे यजमान म्हणजे वकील विल्यम हीलिस. जमिनीच्या खरेदीखतांच्या कामातून ओळख झाली आणि १९१३ साली लग्न झाले. तेव्हा बाईंचे वय ४७ होते.

लग्नानंतर पुस्तके कमी झाली आणि गोठा वाढला. गावकऱ्यांना त्या लेखिका म्हणून नव्हे, तर हीलिसबाई म्हणून माहीत. जाड लोकरीचे कपडे, पायात लाकडी तळाचे जोडे, असा त्यांचा वेष. त्यांचा जीव जडला होता हर्डविक जातीच्या मेंढ्यांवर. ही जात काटक. कोकरू जन्मते काळे, वय वाढेल तसे अंग करडे होत जाते. लोकर राठ, आपल्या दख्खनी मेंढीसारखी. बाईंनी कळप सुधारला, प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली, परीक्षक म्हणूनही काम केले. १९४३ मध्ये हर्डविक पैदासकारांच्या संघाने त्यांना अध्यक्ष निवडले. त्या जागी तोवर कधी बाई निवडली गेली नव्हती. पण पद हाती घेण्याआधीच, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी शहरातले पैसेवाले या मुलखात बंगले बांधू लागले होते. एखादी शेतवाडी विक्रीला निघाली की तुकडे पडायचे. बाईंनी पुस्तकांचा आणि वारशाचा पैसा जमिनीत घातला. बंगल्यांसाठी नव्हे, तर शेती शेतीच राहावी म्हणून. मृत्युपत्राने चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि डझनाहून अधिक शेतवाड्या त्यांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेला दिल्या. ही संस्था १८९५ साली स्थापन झाली. लोकांच्या वतीने जमिनी आणि जुन्या वास्तू जतन करणे हे तिचे काम. डोंगरावरच्या शेतवाड्यांतून हर्डविकचे शुद्ध कळप कायम राखावेत, अशीही त्यांची अट होती. म्हणून आज सहलीला येणाऱ्यांना चित्रातले रान दिसते, आणि त्या रानात राबती कुळेही दिसतात.

पण पाहुण्यांच्या वाटा शेतातून जातात, तेव्हा काय होते? इंग्लंडात वहिवाटीच्या पायवाटांना कायद्याचे संरक्षण आहे. शेत खाजगी असले तरी मालकाला ती वाट बुजवता येत नाही. चालणाऱ्यांनीही वाट सोडू नये, उघडलेले फाटक लावून घ्यावे, कुत्रे बांधून न्यावे, असा दंडक आहे. मेंढ्या गाभण असताना मोकळे कुत्रे मागे लागले तर काय नुकसान होते, ते मेंढपाळाला विचारावे. पर्यटकांमुळे पैसा येतो, शेतघरात पाहुणे उतरवून चार पैसे मिळतात, हे खरे. पण बाहेरचे लोक सुटीपुरती घरे घेतात, किमती चढतात, आणि गावातल्याच तरुण जोडप्याला गावात घर परवडत नाही, हेही तितकेच खरे.

२००१ साली या मुलखाची कसोटी लागली. लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि कंब्रियाला सर्वांत मोठा फटका बसला. देशभरात साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. पायवाटा बंद झाल्या, पाहुणे थांबले. गोठा गेला आणि जोडधंदाही गेला.

सर्वांत मोठी काळजी वेगळीच होती. हर्डविक मेंढ्या उघड्या डोंगरावर चरतात. तिथे कुंपण नसते. तरीही प्रत्येक कळप आपापल्याच रानात राहतो. हे रान कोकरू आईबरोबर हिंडून शिकते, आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. अशी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कळपच नाहीसा झाला तर नव्या मेंढ्या विकत आणता येतात, पण त्यांना रान कुठून माहीत असणार? नव्या कळपाला ते शिकवायला मेंढपाळाला वर्षानुवर्षे मागे फिरावे लागते. सुदैवाने ही जात तगली. २०१३ साली तिच्या मांसाला मूळ प्रदेशाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले, आणि २०१७ मध्ये हा सगळा मुलूख जागतिक वारसा ठरला. तो केवळ डोंगर-तळ्यांसाठी नव्हे. तिथल्या मेंढपाळीच्या जुन्या रीतीचाही त्यात मान आहे.

सहल संपते तेव्हा मुलांच्या हातात सशाचे पुस्तक असते. वडीलधारी माणसे मात्र वळून डोंगराकडे पाहतात. तिथे गडग्याच्या वर, धुक्यात, करड्या मेंढ्या चरत असतात आणि काळी कोकरे त्यांच्या मागे मागे रान शिकत असतात. आपल्या शिवाराच्या हद्दी, पाणंदी आणि झरे आपल्या घरातल्या लेकरांना कोण दाखवते, हा प्रश्न त्या वेळी मनात आल्यावाचून राहत नाही. येत्या रविवारी त्यांना बरोबर घेऊन बांधावरून एक फेरी मारावी. त्यासाठी पुस्तक लागत नाही की तिकीट लागत नाही.